पापणी लवायच्या आधीचं शिकणं: घरच्या घरी ब्रेनस्टेमला धडा शिकताना कसं बघायचं

ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा खालचा देठ, मज्जारज्जूला जोडणारा. ब्रेनस्टेम म्हटलं की आपल्याला श्वास, हृदयाचे ठोके, झोप, गिळणं एवढंच आठवतं, आणि शिकणं म्हटलं की वरचा मोठा सुरकुत्यांचा मेंदू. मी कॉलेजात मानसशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते आणि दरवर्षी बघते, पोरं घंटा-कुत्रा-लाळ हे तीन शब्द पाठ करून येतात, पॅव्हलॉवचं नाव लिहितात (घंटेमागोमाग खाणं देत गेलं की कुत्र्याला नुसत्या घंटेवर लाळ सुटते, तो प्रयोग), मार्क घेतात, पण हे शिकणं शरीरात नक्की घडतं कुठे असं विचारलं की "मेंदूत" एवढंच उत्तर. आता लाळ सुटायचा हुकूम ज्या चेतापेशी देतात त्या ब्रेनस्टेममधेच बसलेल्या आहेत, म्हणजे त्या प्रसिद्ध प्रयोगातसुद्धा शेवटचं बटण तिथलंच होतं, पण हे कुणी सांगतच नाही.

म्हणून हा घरी करायचा प्रयोग नीट लिहून काढतेय. एक आवाज, त्याच्यामागोमाग डोळ्याच्या कडेला हवेची हलकी फुंकर, परत आवाज परत फुंकर, असं साठेक वेळा केलं की बऱ्याच जणांची पापणी फुंकर यायच्या आधीच मिटायला लागते. माणसाला स्वतःला पत्ता नसतो. याला पुस्तकी भाषेत अभिजात अभिसंधान म्हणतात आणि त्यातलं पापणीचं अभिसंधान हा प्रकार असा आहे की सस्तन प्राण्यांमधलं साहचर्याने, म्हणजे दोन गोष्टींची सांगड घालून, शिकणं कुठल्या रस्त्याने जातं हे अगदी गल्लीबोळासकट शोधून काढलंय शास्त्रज्ञांनी, आणि तो रस्ता बहुतेक सगळा ब्रेनस्टेम आणि त्याच्या पाठीला चिकटलेल्या अनुमस्तिष्कातून, म्हणजे छोट्या मेंदूतून, जातो.

आधी सावधगिरी, कारण डोळ्याचा मामला आहे. कम्प्युटर साफ करायचा दाबाच्या हवेचा कॅन अजिबात वापरायचा नाही, त्यातून येणारी हवा जोरदार आणि बर्फासारखी गार असते, डोळ्याला इजा होईल. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा मिळतो ना, हाताने दाबायचा, तो घ्या, आणि नवीन घ्या, जुन्यात धूळ बसलेली असते. ज्याच्यावर प्रयोग करताय त्याची कॉन्टॅक्ट लेन्स काढलेली हवी, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, काचबिंदू असेल, पडद्याचा काही त्रास असेल, डोळे आलेले असतील तर त्या माणसाला घेऊच नका, दुसरं कुणीतरी बघा. लहान मूल असेल तर आईवडिलांना विचारून, आणि कुणीही "बास" म्हटलं की बास. फुंकर आधी स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूला मारून बघा, मग स्वतःच्या डोळ्याच्या कडेला. पापणी लवण्यापुरती हवा हवी, डोळ्यातून पाणी यायला नको.

सामान फार नाही. तो रबरी फुगा, त्याच्या तोंडाला बसेल अशी फिशटँकची प्लास्टिकची नळी हातभर, कडक झापवाली टोपी, सेलोटेप, वायरवाला इअरफोन, आणि स्लो मोशन व्हिडिओ काढणारा फोन. शिवाय एक लॅपटॉप ज्यावर ऑडॅसिटी किंवा तसलं कुठलंही आवाज एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर चालतं. नळी टोपीच्या झापेला चिकटवायची, तिचं तोंड डोळ्यापासून चारपाच बोटं लांब, आणि रोख सरळ बुबुळावर नाही, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर. नळीच्या तोंडाशी टिश्यू पेपरची बारीक पट्टी लोंबती चिकटवा. ही पट्टी फार महत्त्वाची आहे, हवा नक्की कुठल्या क्षणी आली हे व्हिडिओत तीच सांगणार आहे.

आता आवाजाची फाइल. इथे बरेच जण चुकतात म्हणून जरा सविस्तर. सगळा खेळ मिलिसेकंदांचा आहे आणि माणसाचा हात आवाज ऐकून फुगा दाबायला गेला तर प्रत्येक वेळी वेगळा उशीर लावणार. त्यावर उपाय असा, की फुगा दाबणाऱ्याला ठेका द्यायचा. स्टिरिओ फाइल बनवा. डाव्या बाजूला फक्त एक साधा सूर, १००० हर्ट्झचा, अर्धा सेकंद लांब. उजव्या बाजूला चार टिकटिक, प्रत्येकीत ०.६ सेकंदाचं अंतर, म्हणजे ०, ०.६, १.२ आणि १.८ ला. चौथ्या टिकवर फुगा दाबायचा. गाण्यात टाळी धरल्यासारखं आहे, तीन ऐकले की चौथी आपसूक वेळेवर पडते. डावीकडचा सूर १.४ ला सुरू करा आणि १.९ ला संपवा, म्हणजे सूर सुरू झाल्यापासून ४०० मिलिसेकंदांनी फुंकर येते आणि दोन्ही बरोबरच संपतात. इअरफोनचा डावा कान ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याला, उजवा कान फुगेवाल्याला, दोघं शेजारीशेजारी बसा, वायर पुरते. ब्लूटूथवाले नकोत, त्यांचा उशीर भरवशाचा नसतो. आवाज हळू ठेवा, सूर नुसता ऐकू यायला हवा, दचकवायला नको, आणि फुगेवाल्याची टिकटिक दुसऱ्याला ऐकू जाता कामा नये.

असे साठ तुकडे एकामागे एक जोडायचे. मधलं अंतर १० ते २० सेकंद, आणि ते मुद्दाम वेडंवाकडं ठेवा, कधी ११ कधी १८, नाहीतर माणूस सुराऐवजी ठेका पकडतो आणि मग तुम्ही भलतंच काहीतरी मोजत बसता. दर दहा तुकड्यांत एका ठिकाणी फक्त सूर, फुंकर नाही. तिथे फुगेवाल्याची टिकटिक जाड आवाजात भरा म्हणजे त्याला कळेल की आता दाबायचं नाही, चौथ्या टिकला फक्त बोट वर करायचं, कॅमेऱ्याला दिसेल पण बसलेल्याला दिसणार नाही असं, कानामागे. पंधरा मिनिटांत सगळं आवरतं.

बसायची जागा खिडकीजवळ, दिवसाउजेडी. स्लो मोशनला उजेड भरपूर लागतो आणि काही ट्यूबलाइट, एलईडी व्हिडिओत लुकलुकतात. पंखा बंद. पंख्याच्या वाऱ्याने डोळे कोरडे पडून माणूस उगाच पापण्या लववत राहतो, आणि तुमची टिश्यूची पट्टीही हलते. समोर लॅपटॉपवर आवाज बंद करून काहीतरी लावून द्या, प्रयोगशाळेतसुद्धा लोकांना समोर मूकपट लावून बसवतात, म्हणजे लक्ष तिकडे राहतं आणि नजर समोर. त्या माणसाला एवढंच सांगायचं, सिनेमा बघ, मधेमधे आवाज येईल, मधेमधे थोडी हवा येईल, डोळे मुद्दाम मिटायचेही नाहीत आणि मुद्दाम उघडे धरायचेही नाहीत. हा लेख त्याला आधी वाचायला देऊ नका.

सुरुवातीला फुंकर न मारता दहा वेळा नुसता सूर ऐकवा आणि रेकॉर्ड करा. मग तीनचार फुंकरी सुराशिवाय. मग साठचा मुख्य डाव. पूर्ण पंधरा मिनिटं स्लो मोशन काढलं तर फोनचं स्टोरेज भरेल, म्हणून पहिले दहा, मधले दहा आणि शेवटचे दहा एवढेच काढा.

हे चालू असताना आत काय होतंय ते आता सांगते, कारण ते माहीत नसेल तर व्हिडिओत नुसती पापणीच दिसेल.

पहिली फुंकर आली की डोळ्याच्या पृष्ठभागावरची संवेदना ट्रायजेमिनल म्हणजे पाचव्या क्रमांकाच्या चेतेतून ब्रेनस्टेममधे शिरते, तिथल्या तिथे फेशियल म्हणजे सातव्या चेतेच्या केंद्राला निरोप जातो आणि डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आवळतो. वरच्या मेंदूला विचारायचं कामच नाही. भुवईजवळच्या चेतेला विजेचा बारीक धक्का देऊन हे मोजतात तेव्हा पहिला प्रतिसाद साधारण १० मिलिसेकंदात त्याच बाजूला येतो आणि दुसरा ३०-४० मिलिसेकंदात दोन्ही डोळ्यांना. आपण मराठीत "डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच" म्हणतो ते उगाच नाही. पण ही झाली प्रतिक्षिप्त क्रिया, ही जन्मतः येते, यात शिकणं काही नाही.

शिकणं सुरू होतं कारण तोच निरोप आणखी एका ठिकाणी जातो. ब्रेनस्टेमच्या सगळ्यात खालच्या भागात, मस्तिष्कपुच्छात, इन्फिरिअर ऑलिव्ह नावाचा चेतापेशींचा एक गठ्ठा आहे. तिथून निघणारे तंतू उलट्या बाजूच्या अनुमस्तिष्कात चढतात आणि तिथल्या पर्किंजे पेशींना वेलीसारखे वेढतात, म्हणून त्यांना चढते तंतू म्हणतात. एका पर्किंजे पेशीला असा एकच तंतू मिळतो. पण त्याचा हिसका एवढा जोरदार असतो की पेशी त्याकडे दुर्लक्ष करूच शकत नाही. हा ऑलिव्ह म्हणजे "आत्ता काहीतरी त्रासदायक झालं" असं सांगणारा मास्तर.

दुसरीकडे सुराचा निरोप कानातून ब्रेनस्टेममधल्या श्रवणकेंद्रात येतो आणि तिथून पुढे पाँसमधल्या पाँटाइन केंद्रांत. पाँस म्हणजे ब्रेनस्टेमचा मधला फुगीर भाग, त्याचा अर्थच पूल. इथून जाडजूड तंतूंचा जुडगा अनुमस्तिष्कात जातो, तिथे असंख्य बारीक पेशींमधून हा निरोप पसरतो आणि शेवटी त्याच पर्किंजे पेशींपाशी पोचतो, पण एका तंतूने नाही, एकेका पर्किंजे पेशीवर लाखाच्या घरात बारीक तंतू येऊन टेकलेले असतात.

म्हणजे बघा, दोन रस्ते, दोन्ही ब्रेनस्टेममधूनच आलेले. एक "सूर वाजतोय" सांगणारा लाख धाग्यांचा, एक "हवा लागली" सांगणारा एकच जाड दोर. दोन्ही एका पेशीवर ठरावीक अंतराने परत परत भेटले की त्या सूरवाल्या धाग्यांपैकी जे बरोबर त्या वेळी चालू होते त्यांची पकड सैल पडते. ही कल्पना डेव्हिड मार यांनी १९६९ मधे आणि जेम्स आल्बस यांनी १९७१ मधे कागदावर मांडली होती (आल्बसनी पकड सैल पडते असं म्हटलं, मार उलट म्हणत होते), आणि १९८२ मधे जपानच्या मासाओ इतो यांच्या गटाने ती पकड खरोखर सैल पडते हे दाखवलं. आता पर्किंजे पेशीचं काम मुळात दाबून धरायचं, ती अनुमस्तिष्कातच आत खोल असलेल्या खालच्या केंद्राला सतत गप्प ठेवते. सुरावर ती पेशीच गप्प बसायला शिकली की खालचं केंद्र, त्याचं नाव इंटरपोझिटस, मोकळं होतं, ते मध्यमस्तिष्कातल्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या वरच्या भागातल्या, रेड न्यूक्लियसला कळवतं, रेड न्यूक्लियस फेशियल चेतेच्या केंद्राला, आणि पापणी मिटते. फुंकर अजून आलेलीच नसते! ब्रेनस्टेममधून निघून परत ब्रेनस्टेममधे. मला हा रस्ता दरवेळी फळ्यावर काढताना अंगावर शहारा येतो.

हे सगळं शोधण्यात रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची कित्येक वर्षं गेली, आधी स्टॅनफर्ड मग सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, आणि बहुतेक काम सशांवर झालं. ससा का, तर तो तासन् तास शांत बसतो, आणि आपणहून पापणी फार क्वचित लववतो. मॅककॉर्मिक आणि थॉम्पसन यांनी १९८४ मधे दाखवलं की इंटरपोझिटसचा अगदी बारीक भाग निकामी केला तर शिकलेली पापणी जाते पण फुंकरीवरची साधी पापणी जशीच्या तशी राहते. पुढच्याच वर्षी त्यांनी इन्फिरिअर ऑलिव्हला इजा केली, तेव्हा तर आणखी गंमत झाली: शिकलेलं एकदम गेलं नाही, हळूहळू विरत गेलं, जणू फुंकर बंदच केलीय, खरंतर फुंकर चालूच होती. मास्तर गेला की वर्ग चालू असला तरी शिकलेलं पुसलं जातं. १९८९ मधे स्टाइनमेट्झ आणि सहकाऱ्यांनी सूर आणि फुंकर दोन्ही बाजूला ठेवले, पाँटाइन केंद्रात एक तार, ऑलिव्हमधे दुसरी तार, दोन्हीकडे ठरावीक अंतराने विजेचा सौम्य ठोका, आणि ससा तेवढ्यावर शिकला. न कानाचं काम, न डोळ्याचं. ब्रेनस्टेमच्या दोन ठिकाणांहून निरोप गेले एवढं पुरलं.

मग शिकलेलं साठतं कुठे, यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग १९९३ चा, क्रुपा आणि थॉम्पसन यांचा. शिकवत असताना एका सशांच्या गटाचं रेड न्यूक्लियस औषधाने तात्पुरतं झोपवलं. शिकवणी चालू असताना पापणी एकदाही आधी मिटली नाही. औषध उतरल्यावर बघतात तर ससे पूर्ण शिकलेले! दुसऱ्या गटाचं इंटरपोझिटस झोपवलं, ते औषध उतरल्यावर कोरी पाटी, पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे रेड न्यूक्लियस फक्त निरोप पोचवतं, जोडणी त्याच्या अलीकडे, अनुमस्तिष्काच्या बाजूला होते. म्हणून "ब्रेनस्टेम शिकतो" असं मी वर म्हटलं त्यात थोडी दुरुस्ती: मास्तर ब्रेनस्टेममधे, धडा आणून देणारा ब्रेनस्टेममधे, शिकलेलं करून दाखवणारा ब्रेनस्टेममधे, आणि वही मुख्यतः अनुमस्तिष्कात. पण वरच्या मोठ्या मेंदूचं काम यात किती? १९८७ मधे मॉक आणि थॉम्पसन यांनी आधीच शिकलेल्या सशांचा वरचा मेंदू ब्रेनस्टेमपासून तोडला, तरी सुरावर पापणी मिटत राहिली.

ठीक. आता व्हिडिओ कसा वाचायचा. फोन २४० फ्रेम प्रति सेकंद काढत असेल तर एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. टिश्यूची पट्टी पहिल्यांदा हलते ती फ्रेम पकडा. तिथून ९६ फ्रेम मागे जा, तिथे साधारण सूर सुरू झाला. सुरुवातीच्या २४ फ्रेम, म्हणजे पहिले १०० मिलिसेकंद, सोडून द्यायच्या, कारण त्यात पापणी हलली तर ती नुसत्या आवाजाने दचकलेली असते, शिकलेली नव्हे. उरलेल्या ७२ फ्रेममधे पापणी खाली यायला लागली तर ती मोजायची. फोन १२० फ्रेमचा असेल तर हेच आकडे ४८, १२ आणि ३६ होतात.

नुसत्या सुराच्या तुकड्यांत पट्टी हलत नाही, तिथे बोट वर झालेली फ्रेम धरा. हाताचा थोडा फरक पडणार, तो गृहीत धरून चाला. पण हेच तुकडे बघायला सगळ्यात सुंदर असतात, कारण इथे फुंकर आलेलीच नसते आणि तरी पापणी सावकाश खाली येते, आणि बऱ्याचदा पूर्ण मिटण्याचा क्षण जिथे फुंकर यायला हवी होती बरोबर तिथेच येतो. माझ्या भाचीवर पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा तिला व्हिडिओ दाखवल्यावर ती म्हणाली, "मावशी, मी मुद्दाम नाही केलं गं, मला तर कळलंच नाही डोळा मिटला ते." तिला वाटलं मी रागावणार. मी तिला तोच तुकडा चार वेळा दाखवला.

एक हिशोब मात्र प्रामाणिकपणे करायचा. माणूस एरवीही मिनिटाला पंधरावीस वेळा पापणी लववतो. आपली मोजायची खिडकी, म्हणजे त्या ७२ फ्रेम, ०.३ सेकंदाची. मिनिटाला २० धरलं तर नुसत्या योगायोगाने दर दहा तुकड्यांत एखाद्या ठिकाणी पापणी त्या खिडकीत सापडणारच. तेव्हा दहात एक आली म्हणून नाचू नका. सुरुवातीच्या नुसत्या सुराच्या दहात किती होत्या आणि शेवटच्या दहात किती झाल्या हे शेजारी शेजारी लिहा. आणखी पक्कं करायचं असेल तर दुसऱ्या कुणावर तेवढेच सूर आणि तेवढ्याच फुंकरी द्या पण कधीच जोडीने नाही, सूर एकटा, फुंकर एकटी, उलटसुलट. त्या माणसाची पापणी सुरावर वाढली नाही तरच पहिल्याचं शिकणं हे जोडीमुळे झालं म्हणायचं. हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून पोरं गाळतात, आणि मग सगळ्या मेहनतीवर पाणी.

मुद्दाम मिटलेली पापणी ओळखता येते का? थोडीफार. ती सहसा झटक्यात आणि पूर्ण मिटते आणि जास्त वेळ मिटलेली राहते, शिकलेली पापणी हळूहळू उतरते, कधी अर्धीच उतरते. तरी शंभर टक्के खात्री नाही, म्हणून प्रयोग संपल्यावर विचारा, सूर आणि हवा यांचा काही संबंध जाणवला का.

हा प्रश्न आणखी एका कारणासाठी विचारायचा. वरच्या प्रयोगात सूर आणि फुंकर यांच्यात खंड नाही, सूर चालू असतानाच फुंकर येते. आता फाइल बदला: सूर पाव सेकंदाचा करा, संपू द्या, मग जवळजवळ सेकंदभर शांतता, मग फुंकर. दिसायला किरकोळ बदल, पण आत सगळं चित्र पालटतं. क्लार्क आणि स्क्वायर यांनी १९९८ मधे दाखवलं की खंड नसलेला प्रकार स्मृती गेलेली माणसंही शिकतात आणि निरोगी माणसं संबंध लक्षात आला काय न आला काय, शिकतातच. पण मधे खंड टाकला की ज्यांना संबंध जाणीवपूर्वक कळला तेच शिकले, स्मृती गेलेल्यांना जमलं नाही. त्या रिकाम्या सेकंदात सुराची आठवण कुणीतरी धरून ठेवायला लागते आणि ते खालच्या मंडळींच्या आवाक्याबाहेर जातं, तिथे हिप्पोकॅम्पस, म्हणजे वरच्या मेंदूतला नव्या आठवणी धरणारा भाग, लागतो. घरात दोघांवर दोन प्रकार करून बघा. दिवाळीत फटाक्याची वात पेटली की आपण कान झाकून तोंड वाकडं करतो ना, तो प्रकार या दुसऱ्या बाजूचा, सेकंदांचा, त्याचं श्रेय एकट्या ब्रेनस्टेमला देऊ नका.

हेन्री मोलेसन यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९५३ मधे त्यांचं ऑपरेशन झालं, दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पस बराचसा गेला आणि त्यानंतरचं नवं काही त्यांना लक्षात राहिना. त्यांच्यावर पापणीचं अभिसंधान केलं गेलं, ते शिकले, आणि दोन वर्षांनी परत बसवलं तेव्हा त्यांना ना ती यंत्रं आठवत होती ना ती माणसं, पण पापणीला आठवत होतं.

अंतरात बदल करून बघणं हा पुढचा डाव. ४०० ऐवजी ७०० मिलिसेकंद केलं तर काही वेळाने पापणी उशिरा मिटायला लागते, नव्या वेळेला. आतलं यंत्र नुसतं "मिट" शिकत नाही, "केव्हा मिट" हे शिकतं. उलट अंतर ५० मिलिसेकंद केलंत तर तासभर बसलात तरी काही होणार नाही, सशातसुद्धा १०० च्या खाली शिकणं जवळपास होत नाही आणि पाव सेकंदाच्या आसपास सगळ्यात छान होतं.

काहीच झालं नाही तर? पहिल्यांदा फुंकर तपासा, फुंकरीवर पापणी प्रत्येक वेळी लवते का, नसेल तर नळी जरा जवळ आणा. मग चौथी टिक आणि हाताचा मेळ. मग वय. चाळिशीच्या आसपासपासून हे शिकणं मंदावतं हे मोजलेलं आहे, त्यामुळे आईबाबांना, आजीला जास्त फेऱ्या लागतील, आणि एवढ्यावरून त्यांच्या मेंदूबद्दल कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही, घरच्या फुग्याने निदान होत नसतं. तरुणांमधेही माणसामाणसात फरक खूप असतो, कुणी विसाव्या फेरीला दाखवतं कुणी साठ होऊनही नाही. दोनदा बसवून बघा.

आणखी एक, जे मला फार उशिरा समजलं. शिकणं पक्कं होत आलं की पुढच्या फुंकरी फारसं काही शिकवत नाहीत. कारण इंटरपोझिटसमधून एक तंतू उलटा ऑलिव्हकडे जातो आणि त्याला गप्प करतो. म्हणजे पापणीने फुंकर आधीच ओळखली की मास्तर म्हणतो, कळलंय तुला, आणि हिसका द्यायचं थांबवतो. १९९८ मधे किम, क्रुपा आणि थॉम्पसन यांनी दाखवलं की याच तंतूमुळे एक सूर पक्का शिकलेल्या सशाला त्याच्या जोडीने नवीन खूण दिली तर ती नवी खूण तो शिकत नाही. त्या तंतूचं दाबणं औषधाने थांबवलं तर शिकतो. घरी करून बघायचं असेल तर सूर पक्का झाल्यावर सुराच्या बरोबरीने छोटा दिवा लावा वीसतीस वेळा फुंकरीसकट, मग नुसता दिवा लावून पापणी बघा.

शेवटी विझवणं विसरू नका. साठ झाल्यावर वीसतीस वेळा नुसता सूर द्या, फुंकर नाही. पापणी हळूहळू गप्प होते. मग वहीत तारीख, कुठला डोळा, अंतर किती, दहातले किती हे लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला तीच टोपी घालून बसवा आणि एकही फुंकर न मारता पहिले दहा सूर ऐकवा, कॅमेरा चालू. काल विझलेली पापणी त्यातल्या पहिल्या दोनतीन सुरांना परत हलू शकते. तेवढा व्हिडिओ पुसू नका, कालच्याच्या शेजारी ठेवा.